घोडेस्वारीत ट्रॉटचे, म्हणजे दुडक्या चालीचे, प्रकार कोणते? नवशिक्याने आधी कोणता शिकावा?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. घोडा पाऊल कसं टाकतो त्यावरून वर्किंग, कलेक्टेड, मीडियम आणि एक्स्टेंडेड. स्वार कसा बसतो त्यावरून सिटिंग (बसून राहायचं), रायझिंग (ठेक्याला उठायचं-बसायचं) आणि रिकिबीवर उभं राहून पुढं झुकायची हाफ सीट. पहिल्या चारांचा विचार दोन वर्षं तरी करू नका. एवढंच लक्षात ठेवा की कलेक्टेड म्हणजे हळू नव्हे. ठेका तोच राहतो, पाऊल आखूड आणि उंच पडतं. एक्स्टेंडेडला तेच पाऊल लांब पडतं. टाच मारून घोडा नुसता घाईला आणला, तर ते एक्स्टेंडेड नाही.

खरा प्रश्न रायझिंगचा आहे, आणि तो क्लासवाले नीट शिकवत नाहीत.

माझे वडील, आण्णा, सोलापुरात टांगा चालवायचे. स्टेशनवरून सिद्धेश्वराच्या देवळाकडे, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानापर्यंत मध्यरात्रीपर्यंत फेऱ्या. दुडकी चाल मला अक्षरओळख व्हायच्या आधी कानानं कळत होती. पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. दोनच ठोके. पुढं रिक्षा वाढल्या, टांगा विकावा लागला. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लासला नाव घातलं. तिथले सर पहिल्या दिवसापासून "वर, खाली, वर, खाली" मोजायचे. कुठल्या पायाला वर, असं विचारलं तर म्हणाले, डायगोनल, म्हणजे पायांच्या कुठल्या तिरप्या जोडीबरोबर उठायचं ते, पुढच्या कोर्सला.

तीन महिन्यांनी आण्णा बघायला आले. कुंपणाला टेकून, मान खाली घालून नुसते ऐकत होते. मी उतरले तशी म्हणाले, "एकाच अंगावर का बसालीस गं? दमली की ती घोडी." मग त्यांनी मोतद्दाराला घोडी सरळ रेषेत दुडकवायला लावली. पुढचा डावा पाय टेकला की तिची मान वर उडत होती. दुखऱ्या पायावर भार येताना घोडं डोकं उचलतं आणि चांगल्या पायावर खाली आणतं. जनावरांचे डॉक्टरही लंगडेपणा याच चालीत तपासतात, कारण तिच्यात दोन्ही बाजू सारख्या चालतात आणि उणं लगेच दिसतं. आण्णांनी हे सरांना सांगितलं. सर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "टांगा हाकणं वेगळं आणि रायडिंग वेगळं." आण्णा काही न बोलता चपला घालून निघाले. मी त्या क्लासला परत गेले नाही.

नियम इतका साधा आहे की पहिल्याच दिवशी सांगता येतो. गोलात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढं गेला की उठायचं, मागं आला की बसायचं. म्हणजे आतला मागचा पाय जमिनीवर असताना तुम्ही खोगिरावर असता. चुकलं तर दोन ठोके बसून राहा आणि मग उठा, बाजू बदलते. सरळ रस्त्यावर दर थोड्या अंतरानं बाजू बदला. घोडं आपल्या सोयीच्या पायावर तुम्हाला बसवून घेतं. तुम्ही बदललं नाही, तर तीच बाजू रोज भार घेते.

आणखी एक. या उठण्या-बसण्याला इंग्रजीत पोस्टिंग म्हणतात ते टपालगाड्यांवरून. गाडी ओढणाऱ्या जोडीतल्या डाव्या घोड्यावर बसून गाडी नेणारी माणसं दिवसभराच्या हिसक्यांतून पाठ वाचवायला अशी उठायची. ज्या चालीची फी घेऊन सर शिकवत होते, ती गाडी हाकणाऱ्यांचीच देणगी. त्या दिवशी मला हे माहीत असतं तर आण्णा तसे निघून गेले नसते.

आधी काय शिकावं? माझं मत, लांब दोरीवर धरलेल्या घोड्यावर रिकीब सोडून पाच-दहा मिनिटं सिटिंग, ठेका अंगात बसेपर्यंत. मग लगेच रायझिंग, डायगोनलसकट. पाठीचं दुखणं असेल तर सिटिंगच्या भानगडीत पडू नका. डांबरी रस्त्यावर फार दुडकवू नका, घोड्याच्या पायांचं नुकसान होतं. आणि ती घोडी माझ्या बसण्यामुळंच लंगडली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नालेचा खिळाही लागलेला असू शकतो. पण लंगडं जनावर कामाला लावलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अकलूजच्या बाजारातून मारवाडी किंवा काठेवाडी घोडं घेणार असाल तर आधी चाल ऐका. त्यातली काही रेवाल चालतात, एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर. तिथं डायगोनलच नसतो, म्हणून उठू नका, बसून राहा.