गाणं जवळ घेतं, गाणारा परकं करतो

‘ताई, मी मूळची सांगलीची. २००५ साली मँचेस्टरला शिकायला आले. त्या पहिल्या दोन हिवाळ्यांत, दुपारी चारलाच अंधार पडायचा तेव्हा, मला तारलं ते द स्मिथ्स या इथल्याच बँडच्या गाण्यांनी. त्यांच्या पाच जुन्या रेकॉर्ड्स माझ्याकडे आहेत. त्यांचा गायक मॉरिसी, त्याचा आवाज ऐकला की आजही ती भाड्याची खोली आठवते. पण गेली काही वर्षं त्याची वक्तव्यं वाचून पोटात कालवतं. परवा गाडीत तेरा वर्षांच्या लेकीने विचारलं, “आई, या माणसाला आपण इथे नको आहोत ना? मग तू त्याला का ऐकतेस?” मला काही बोलता आलं नाही. नवरा म्हणतो, कला वेगळी, कलाकार वेगळा. मैत्रीण म्हणते, सगळं काढून टाक. काय करू? त्याचा कार्यक्रम इथे लागला तर तिकीट काढू का?’

मुलीने नेमका प्रश्न विचारला आहे. त्याला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण सोपं उत्तर तुम्ही तिच्या तोंडावर फेकलं नाहीत.

तुमच्या नवऱ्याचं वाक्य इथे उपयोगी पडणार नाही. एखाद्या गवयाच्या यमनात त्याची मतं शोधायला कुणी जात नाही. मॉरिसीचं तसं नाही. शब्द त्याचे, गळा त्याचा आणि गाण्यातला ‘मी’सुद्धा बहुतेक वेळा तोच. त्या एकट्या, अवघडलेल्या, कुठेच न मावणाऱ्या माणसात तुम्हाला स्वतःचं काही दिसलं म्हणून तर तुम्ही त्याच्या झालात. त्याचे आईवडील डब्लिनहून मँचेस्टरला आलेले, म्हणजे तोही स्थलांतरितांचाच मुलगा. दुखतं ते इथे.

आधी नोंद नीट करून घेऊ, कारण अर्धवट ऐकीव माहितीवर मुलीशी बोलाल तर ती दोन मिनिटांत फोनवर शोधून तुम्हाला अडवेल. १९८८च्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये ‘बंगाली इन प्लॅटफॉर्म्स’ हे गाणं आहे. इंग्लंडमध्ये सामावून जाऊ पाहणाऱ्या बंगाली माणसाला ‘तू इथला नाहीस’ असं सुचवणारं. २०१० साली प्राण्यांच्या छळाबद्दल बोलताना तो चिनी लोकांबद्दल माणसाखालची जमात असल्यासारखं बोलला. २०१९च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या टीव्ही कार्यक्रमात त्याने ‘फॉर ब्रिटन’ या इस्लामविरोधी, अति-उजव्या पक्षाचा बिल्ला लावला. त्यानंतर कार्डिफमधल्या १८९४ सालच्या स्पिलर्स या दुकानाने त्याच्या रेकॉर्ड्स विकणं थांबवलं आणि लिव्हरपूलकडच्या मर्सीरेलने स्थानकांवरची त्याची पोस्टर्स उतरवली. दुसरी बाजूही सांगा. २००८ साली वंशद्वेषाविरुद्धच्या एका मोठ्या मैफलीला त्याने पैसे दिले होते. २००७च्या एका मुलाखतीत आपल्याला वंशद्वेषी रंगवलं म्हणून त्याने एनएमई या संगीत-साप्ताहिकावर बदनामीचा दावा लावला आणि २०१२ साली साप्ताहिकाने जाहीर माफी मागितली. हे सगळं एकत्र ठेवूनही माझं मत असं, की त्या बिल्ल्यापासून सुटका नाही. तो त्याने स्वतःच्या हाताने लावला होता. त्यावर पांघरूण घालणं हे चाहत्याचं काम नव्हे, आणि तुम्ही ते करत बसू नका.

आता पैसा, कारण ‘ऐकू की नको’ यामागे तुमच्या मनात खरं तर ‘माझे पैसे त्याच्याकडे जातात का’ हा प्रश्न आहे. त्याला बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे.

तुमच्याकडच्या पाच रेकॉर्ड्सचे पैसे केव्हाच देऊन झाले. त्या वाजवल्याने कुणाला एक पेनीही जात नाही. जुन्या रेकॉर्डच्या फेरविक्रीतून कलाकाराला काही मिळत नाही, म्हणून ऑल्डम स्ट्रीटवरच्या जुन्या मालाच्या दुकानातून घेतलेली प्रत त्याच्या खिशात काही टाकत नाही. तेच अल्बम नवे दाबून काढलेले घेतले तर मात्र टाकते. मैत्रिणीचं ऐकून रागाच्या भरात रेकॉर्ड्स विकल्या की पुढे हेच होतं. वर्षभराने हुरहुर लागते, तेव्हा जुनी चांगली प्रत महाग झालेली असते, मग नवी घेतली जाते. ज्याला पैसे द्यायचे नव्हते त्यालाच ते पोचतात. आपल्या प्रती मूळच्या आहेत का ते बघून घ्या. वेष्टनाच्या कण्यावर त्यांच्या मूळ कंपनीचा, रफ ट्रेडचा, रफ ६१, ७६, ८१, ९६ किंवा १०६ असा क्रमांक असेल, आणि मधल्या लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर उजेड तिरका पाडला की काहींवर टोकदार सुईने कोरलेले शब्द दिसतील. लेकीला ते शोधायला द्या, तेरा वर्षांच्या डोळ्यांना पटकन सापडतात.

ऑनलाइन ऐकताना हिशेब वेगळा. ब्रिटनमध्ये ढोबळमानाने शंभरातले तीस ॲपवाले ठेवतात, पंचावन्न ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे आणि पंधरा गीत-संगीत लिहिणाऱ्यांकडे जातात. स्मिथ्सचं ध्वनिमुद्रण १९९२पासून वॉर्नरकडे आहे, त्यामुळे त्या पंचावन्नातून कंपनीचा हिस्सा आधी कापला जातो. लेखनाच्या पंधरातही तो एकटा नाही. शब्द मॉरिसीचे असले तरी संगीत गिटारवादक जॉनी मारचं. शिवाय ड्रमवादक माइक जॉइसने कोर्टात भांडून १९९६ साली बँडच्या ध्वनिमुद्रण आणि वादनाच्या कमाईत (लेखनाच्या नव्हे) चौथा हिस्सा मिळवला. त्याआधी वाटणी चाळीस, चाळीस, दहा, दहा अशी होती. म्हणजे स्मिथ्सचं गाणं ऐकता तेव्हा तुम्ही चौघांचं काम ऐकता, आणि त्या हिवाळ्यात तुम्हाला धरून ठेवणारा गिटारचा तो झरझर पाझर मारचा होता, हे विसरू नका. त्याच मारने २०१० साली तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांना जाहीर बजावलं होतं, की तुम्हाला स्मिथ्स आवडलेले चालणार नाहीत. बनवणाऱ्यालाही ऐकणाऱ्यावर हक्क सांगता येत नाही, तसा ऐकणाऱ्यावरही बनवणाऱ्याच्या मतांचा भार नाही.

स्मिथ्स हवे पण मॉरिसीचे एकट्याचे अल्बम नकोत, असं ठरलं तर स्पॉटिफायवर दोघांची पानं वेगळी आहेत. मॉरिसीच्या पानावरच्या तीन ठिपक्यांत हा कलाकार न वाजवण्याचा पर्याय मिळतो. सेटिंगमधला ऑटोप्लेही बंद करा. तो चालू राहिला तर स्मिथ्सचा अल्बम संपताच ॲप त्याच्यासारखंच काहीतरी लावत सुटतं आणि शाळेच्या रस्त्यावर नेमकं नको ते गाणं सुरू होतं. दुसऱ्या कुणी गायलेलं त्याचं गाणं लावून पळवाट काढू नका. गायनाचे पैसे नव्या गायकाला मिळतात, पण लेखनाचे मूळ लेखकांनाच पोचतात.

तिकीट ही सगळ्यांत थेट वाट. हॉल, आयोजक, वादक यांचा खर्च वजा जाता उरतं ते गायकाचं. त्याशिवाय ब्रिटनमधल्या पॉप मैफलींच्या तिकीटविक्रीतले ४.२ टक्के पीआरएस या हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत गीत-संगीत लिहिणाऱ्यांना जातात, आणि तिथे शब्द लिहिणारा पुन्हा तोच. बाहेर विकायला ठेवलेला टी-शर्टही याच वाटेवरचा. म्हणून स्पष्ट सांगते, रेकॉर्ड्स ठेवा, तिकीट काढू नका. पैशापेक्षा मोठं कारण हे, की त्या हॉलमध्ये तो दोन गाण्यांच्या मध्ये काय बोलेल यावर तुमचा ताबा नसेल, आणि भोवतालची गर्दी टाळ्या वाजवत असताना तुम्ही हात मांडीवर ठेवून बसाल. वीस वर्षं जपलेलं गाणं त्या एका संध्याकाळीत नासू शकतं.

लेकीशी बोलताना तिला आधी एवढंच म्हणा, ‘हो, तू म्हणतेस ते खरं आहे, मलाही ते खुपतं.’ मध्ये ‘पण’ नको. मुलं ‘पण’च्या आधीचं सगळं पुसून टाकतात. मग तिला कॉर्नरशॉप या बँडची गोष्ट सांगा. १९९२ साली, नुकत्याच सुरू झालेल्या या बँडने, त्यात तजिंदर सिंग हा भारतीय वंशाचा गायक, मॉरिसीच्या वागण्याचा निषेध म्हणून त्याच्या कंपनीच्या, ईएमआयच्या, दाराबाहेर त्याचा फोटो जाळला. पाच वर्षांनी याच बँडने ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं काढलं. ती आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. गाण्यात लताबाई आणि रफीसाहेबही येतात. १९९८च्या फेब्रुवारीत नॉर्मन कुक या डीजेने नव्याने बांधलेली त्याची आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होती. सांगलीत आजीच्या रेडिओवर वाजणारं नाव इंग्लंडभर दुमदुमत होतं. ‘आपण इथे नको का’ या तिच्या प्रश्नावर तुमच्या समजुतीच्या चार वाक्यांपेक्षा हे गाणं जास्त बोलेल. ते लावा आणि थोडा वेळ गप्प बसा.

आणखी एक. रात्री त्याच्या मुलाखती शोधत बसण्याची सवय लागली असेल तर ती मोडा. प्रत्येक नव्या मुलाखतीत तुम्ही त्याला निर्दोष ठरवणारं एखादं वाक्य शोधत असता, ते मिळत नाही आणि झोप जाते. तुमच्या निर्णयाला लागेल तेवढी माहिती आता तुमच्याकडे आहे.

आणि ती ‘गाडीत नको’ म्हणाली, तर गाडीत नको. घरी एकट्या असाल तेव्हा लावा. मात्र दारात किल्लीचा आवाज आला म्हणून धावत जाऊन सुई उचलू नका. बाजू संपेपर्यंत वाजू द्या, ती काही विचारायला आली तर आवाज थोडा कमी करा.