आई मदिरा, लेक कादंबरी

प्रश्न असा आहे: ‘पुर्नजन्मावरची एक कादंबरी वाचतोय. नायक मागच्या जन्मी हरवलेल्या सोलमेटला शोधत फिरतो. सोलमेटला मराठीत काय म्हणावं? आत्मसोबती चालेल का?’

आधी तो रफार जागेवर ठेवा. पुनर् अधिक जन्म, म्हणून पुनर्जन्म; रफार ‘ज’च्या डोक्यावर. पुर्नजन्म, पुर्नविवाह, पुर्नवसन वाचून वाचून डोळे शिणले. ‘पुनरागमन’ लिहिताना कुणी अडखळत नाही, रफार आला की मात्र तो हमखास एक घर आधी बसतो.

आता तुमच्या प्रश्नातला खरा शब्द, ज्याच्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत: कादंबरी. पुनर्जन्म आणि हरवलेलं माणूस या विषयावरच्या पुस्तकाला तुम्ही सहज ‘कादंबरी’ म्हणालात, आणि तो शब्द आला आहे नेमका अशाच पुस्तकातून! सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या दरबारातल्या संस्कृत लेखक बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहायला घेतली. ती अपुरी ठेवून तो गेला, मुलाने पुरी केली. नायिकेचं नावच कादंबरी. तिचा प्रियकर चंद्रापीड मरतो आणि शूद्रक राजा होऊन जन्मतो. तिच्या मैत्रिणीचा, महाश्वेतेचा, प्रियकर पुंडरीक मरतो, वैशंपायन होतो, पुन्हा मरतो आणि पोपट होतो. कथेच्या सुरुवातीला हाच पोपट त्याच राजाला गोष्ट सांगतो आहे. आपलीच गोष्ट ऐकतोय याचा राजाला पत्ता नाही. इकडे महाश्वेता आणि कादंबरी त्याच जन्मात, त्याच देहात थांबून आहेत. कादंबरी तर चंद्रापीडाचं न कुजणारं शव सांभाळत बसली आहे. म्हणजे शोधत फिरणं वगैरे नाही. जन्म घ्यायचे पुरुषांनी, वाट पाहायची बायकांनी.

काही विद्वान सांगतात की कादंबरी म्हणजे कदंबाच्या फुलांचं मद्य, आणि हा वाङ्मयप्रकार वाचकाला झिंग आणतो म्हणून त्याला हे नाव. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मद्याच्या नावांत कादंबरी आहे, हे खरं. पण ती झिंग नायिकेच्या नावातली. बाणाने तिच्या आईचं नावच मदिरा ठेवलंय! वाङ्मयप्रकाराला नाव मिळालं ते सरळ पुस्तकावरून, जसं वनस्पती तुपाला डालडा. डालडा खाऊन कुणाला काय होतं यावरून ते नाव पडलेलं नाही. एवढी साधी गोष्ट सोडून या मंडळींना कदंबाची फुलं आंबवत बसायची हौस फार.

हिंदी-बंगालीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’. (तेलुगूत ‘उपन्यासम्’ म्हणजे भाषण, तेव्हा तिकडे जपून.) कादंबरी घेतली मराठीने आणि कन्नडने. या दोघींनी का? माझा एक लाडका तर्क आहे, मित्र त्याला हसतात. बाणाच्या कथेचं बीज गुणाढ्याच्या ‘बृहत्कथा’ या प्राचीन कथासंग्रहातलं मानतात, तीच कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही सापडते. आणि गुणाढ्य, परंपरेप्रमाणे, प्रतिष्ठानच्या म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाकडचा. सातवाहनांची सत्ता मराठी आणि कन्नड दोन्ही मुलखांवर होती. म्हणजे गोष्ट इथून निघाली, उत्तरेत बाणाच्या घरी जन्म घेऊन आली, आणि शेकडो वर्षांनी नुसतं नाव होऊन घरी परतली. शब्दाचाच पुनर्जन्म! पुरावा मागू नका. एकोणिसाव्या शतकातल्या संस्कृत शिकलेल्या लेखकांनी नाव उचललं असणार, हे मलाही कळतं. पण तर्क सोडवत नाही.

हो, सोलमेट. ‘आत्मसोबती’ नको, तो भाषांतराच्या टेबलावर जन्मला आहे आणि तिथेच राहील. शिवाय आपल्याकडचा आत्मा एकटाच हिंडतो, गुंततो तो जीव. जीव लागतो, जीव लावतात, म्हणून ‘जिवलग’. यातला ‘लग’ संस्कृत ‘लग्’चा, चिकटण्याचा, आणि त्याच धातूचं ‘लग्न’. लग्न म्हणजे मुळात क्षितिजाला लागलेली रास, मग तो मुहूर्त, मग त्या मुहूर्तावरचा विवाह. तुमच्या नायकाला जन्मोजन्मीची जिवलग शोधू द्या. आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘पुर्नजन्म’ छापलं असेल, तर प्रकाशकाला कळवा.