एम.ए. इतिहास करताना संग्रहालयात इंटर्नशिप केली तर खरंच काही शिकायला मिळतं का? स्टायपेंड किती असतो?

शिकायला मिळतं. त्याला तुमच्या विभागात मार्क मिळतील का, ते मात्र सांगू शकत नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या संग्रहालयात तीन महिने होतो. पहिले पंधरा दिवस नोंदवहीतले नंबर आणि वस्तूंवरचे नंबर जुळवण्यात गेले. मग क्युरेटर बाईंनी एक लाकडी अधोली पुढ्यात ठेवली. "हिची पाटी लिही. चाळीस शब्दांत." मी दीडशे लिहिले, 'कृषिप्रधान समाजव्यवस्थेतील विनिमयाचे साधन' वगैरे. बाई म्हणाल्या, "हे उभ्यानं कोण वाचणार?" कापून कापून उरलं ते एवढंच: धान्याचं माप, दोन शेर, म्हणजे अर्धी पायली.

पाटी लागली त्याच आठवड्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. पाटीकडे बघितलंच नाही. काचेवर बोट टेकवून त्याला म्हणाल्या, "सावकार देताना सपाट द्यायचा, आन् घेताना शिगेचं घ्यायचा." तळहात आडवा फिरवून सपाट दाखवलं, मग दोन्ही हातांनी हवेत टोक काढलं. वर सांगितलं, मोजताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. 'शिगेला पोचणे' मी शाळेपासून निबंधात घालत आलो होतो. शीग म्हणजे मापाच्या काठावर चढलेली धान्याची रास, हे त्या दिवशी कळलं. मी पाटी नव्याने लिहायला घेतली.

अहवालात हे सगळं मांडलं. मार्गदर्शक सरांनी समासात लाल शाईने लिहिलं, 'ऐकीव'. तोंडी परीक्षेत वर ऐकवलं, पाट्या लिहिणं म्हणजे इतिहास नव्हे.

तेव्हा गप्प बसलो. पण मला सांगा, इतिहासकार वि. का. राजवाडे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले ते कुठल्या विद्यापीठाच्या पगारावर? त्यांनी उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, पुणे विद्यापीठ १९४९ चं. पटवर्धन सरदारांची दप्तरं उपसणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेत शाळामास्तर होते. पुण्यातल्या केळकर संग्रहालयाच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवले नसते तर ते मोडीत गेले असते. आपल्याकडचा अर्धा इतिहास विद्यापीठाच्या फाटकाबाहेर उभा राहिलाय, आणि फाटकाच्या आत बसून त्याला ऐकीव म्हणायचं!

आता सरांच्या बाजूचंही एक सांगतो, नाहीतर खोटं ठरेल. त्या शब्दाच्या रागानेच मी परत जाऊन आणखी दोघांना विचारलं. एका म्हाताऱ्या धान्यदुकानदारांनी शिगेचं खरं म्हटलं, पण त्यांच्या मते काही सावकारांची घ्यायची आणि द्यायची मापंच वेगळी असायची. म्हणून पाटीवर शेवटी 'असं जुनी माणसं सांगतात' हे शब्द आले. शिवाय शेर-पायलीचा हिशेब प्रत्येक भागात सारखा नसतो, तोही तपासावा लागला.

तुम्ही जाण्याआधी नेमकं काय काम देणार ते विचारून घ्या. उद्घाटनाला खुर्च्या लावणं आणि इन्स्टावर फोटो टाकणं एवढंच असेल तर घरी बसा. दप्तरखान्यात जाणार असाल तर जुन्या कागदांची मोडी लिपी आधी शिका, तिथे कुणाला शिकवायला वेळ नसतो.

स्टायपेंडचं म्हणाल तर मला एसटीच्या पासाचे पैसे मिळाले, तेही शेवटच्या महिन्याचे.