खंडनाआधीची दोन मिनिटं

नागपूर,
जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय,

केंद्रातल्या शाळांच्या ४० शिक्षकांना वर्गात वादविवादातून शिकवायला शिकवण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तुझ्याकडे आलंय. कामाला लागण्याआधी वक्तृत्व स्पर्धा डोक्यातून काढून टाक. आपल्याकडे ‘वादविवाद’ म्हटलं की शिक्षकांना स्टेज, माईक आणि घरच्यांनी लिहून दिलेलं भाषण घडाघडा म्हणणारा एक हुशार मुलगा आठवतो. बाकीचे ४७ जण सतरंजीवर, टाळ्यांपुरते. आपल्याला ते ४७ जण बोलायला हवेत, ३५ मिनिटांच्या तासिकेत, आणि शिकवायच्या धड्यावरच. एवढं साधलं नाही तर ते वार्षिक स्नेहसंमेलन झालं, अध्यापन नाही.

पहिल्या दिवशी व्याख्यानाने सुरुवात करू नकोस. चहा-पोहे झाले की लगेच सहा-सहाचे गट पाड: दोघं बाजूने, दोघं विरोधात, दोघं परीक्षक. सहा गट झाले की चौघं उरतील, त्यांना चार गटांत वेळ बघायला बसव. बाजू नाणं उडवून ठरव. ‘दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये’ असा, शिक्षकांची खरीच दोन मतं असलेला विषय दे. वीस वर्षं गृहपाठ देत आलेल्या सरांच्या वाट्याला ‘देऊ नये’ आलं की ते म्हणतील, मला हे पटतच नाही. तेव्हा समजूत घालत बसू नकोस, बाजू बदलूनही देऊ नकोस. न पटणाऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण शोधताना काय होतं, हे त्यांना अनुभवायलाच हवं. वर्गात मुलांकडून ते हेच मागणार आहेत.

पहिल्या फेरीत निम्मे जण ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणून सुरुवात करतील आणि दोन मिनिटांतला अर्धा वेळ तिथेच जाईल. म्हणून नियम आधीच सांग: पहिल्या वाक्यात दावा, मग कारण, मग पुरावा. सुविचार आणि चारोळी हा पुरावा नाही.

तासिकेचा हिशोब फळ्यावर मांड. गट बसवायला ३ मिनिटं, तयारीला ८, बाजूचा पहिला वक्ता २, विरोधातला २. मग २ मिनिटं पूर्ण शांतता. त्यानंतर दोन्हीकडच्या दुसऱ्या वक्त्यांचं खंडन २-२, परीक्षक ३, शेवटी शिक्षक ६. बेरीज ३० होते. उरलेली पाच मिनिटं बाक सरकवण्यात आणि आधीच्या तासाचे सर उशिरा बाहेर पडण्यात जातातच, ती धरून ठेव. ४८ मुलांच्या वर्गात असे आठ वाद एकाच वेळी चालतात. गोंगाट होतो. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक दारात येऊन बघून जातात, त्यांना आधी कल्पना देऊन ठेवायची. नागपुरात आणखी एक अडचण, कूलर. त्याच्या घरघरीत मागच्या बाकावर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, आणि ओरडून केलेला वाद भांडणासारखाच होतो. बोलायच्या वेळेपुरता तो बंद ठेवायला सांग.

ती दोन मिनिटांची शांतता शिक्षक सगळ्यात आधी गाळतात, वेळ वाचवायला. आणि सगळी पद्धत तिथेच मोडते. ते का, हे प्रशिक्षणात दाखवूनच दे. एक फेरी शांतता न ठेवता घे आणि खंडन ऐक. दुसरा वक्ता समोरच्याला उत्तर देतच नाही, स्वतःचं दुसरं तयार भाषण म्हणतो. आता प्रत्येकाला एक कागद उभा दुमडायला लाव. समोरचा बोलत असताना डाव्या बाजूला ‘त्यांचं म्हणणं’ तीन-चार शब्दांत टिपायचं. शांततेच्या दोन मिनिटांत जोडीने त्यासमोर उजवीकडे ‘आपलं उत्तर’ लिहायचं. खंडन सुरू करताना पहिलं वाक्य ठरलेलं: ‘त्यांचं म्हणणं असं की…’ समोरच्याने मान डोलावली तरच पुढे जायचं. ‘मी असं म्हटलंच नाही’ आलं तर पुन्हा सांगायचं. या मान डोलावण्यात सुरुवातीला अर्धा-एक मिनिट जातं, जाऊ दे.

परीक्षकांना ‘कोण छान बोललं?’ असं विचारू नये. मुलं मैत्रिणीला मत देतात. त्यांनी एवढंच लिहायचं: कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळालं नाही? न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असा फरक केलाय. वाद खरं काय ते शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडत राहणं. शिक्षकांना हे तीन शब्द लगेच पटतात, आणि स्टाफरूममधली उदाहरणंही आठवतात!

विषय निवडण्यावर दुसऱ्या दिवसाची सकाळ घालव. ‘मोबाईल शाप की वरदान’ बाद, कारण त्यातून काहीच ठरवायचं नसतं. ठरावात, म्हणजे ज्यावर वाद घालायचा त्या वाक्यात, ‘करावं’ किंवा ‘करू नये’ हवं. ‘विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राबरोबर एकाच दिवशी सुरू व्हाव्यात’ घे. जूनमधलं ऊन मुलांनी अंगावर घेतलेलं असतं, पुरावा घरचाच आहे. गणितातही जमतं. पाच दुकानदारांची महिन्याची कमाई हजारांत ८, ९, १०, ११ आणि ६२. मध्य, म्हणजे सरासरी, येतो २०; मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, १०. ठराव: ‘या बाजाराचं चित्र सांगायला मध्यकच वापरावा.’ विरोधातल्या मुलाला मग सांगावं लागतं की बाजाराची एकूण कमाई मध्यावरून काढता येते, मध्यकावरून नाही. सूत्र पाठ करून हे सुचत नाही.

इतिहासात जपून. विदर्भ मराठी राज्यात घेण्याबद्दलचा १९५३ चा नागपूर करार आणि स्वतंत्र विदर्भाची शिफारस करणारा १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल हा या विषयासाठी सोन्यासारखा मजकूर आहे. पण ठराव १९५५ सालात उभं राहून मांडायचा. आजच्या पुढाऱ्याचं नाव आलं की तो मुद्दा बाद. आणि वर्गातल्या कुणाचीही जात, धर्म, घर हा ठराव होऊ शकत नाही, यावर प्रशिक्षणात चर्चासुद्धा ठेवू नकोस.

भाषेबद्दल शिक्षकांना बजावून सांग. मुलगी रंगात येऊन म्हणते, ‘पाणी आटून राहिलं न सर, मंग तलाव काऊन बुजवता?’ आणि सर म्हणतात, ‘मंग नाही, मग.’ ती खाली बसते. पुन्हा उठत नाही. तो प्रश्न वर्गातला सगळ्यात धारदार होता. शब्दांची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, मराठीच्या तासाला.

अबोल मुलांना आधी परीक्षक करायचं, मग पहिला वक्ता. खंडन शेवटी, ते सगळ्यात अवघड. भूमिका दर वेळी फिरवायच्या, नाहीतर वर्षभर तेच दोघं खंडन करतात.

प्रशिक्षण झाल्यावर शिक्षक जुलैत एकदा करून बघतात आणि सोडून देतात. म्हणून तीन आठवड्यांनी प्रत्येकाच्या वर्गात जा. मागे बसून दोनच गोष्टी मोज: किती मुलं बोलली, आणि शिक्षक मध्ये किती वेळा बोलले. बाहेर आल्यावर एकच सूचना दे. पाच दिल्यास तर एकही अमलात येणार नाही.

दुमडायच्या कागदाचा नमुना शनिवारपर्यंत पाठव, झेरॉक्स काढण्याआधी बघून देतो. आणि वेळेसाठी शिट्टी घेऊ नकोस, शिट्टी वाजली की मुलं मैदानाकडे बघतात. स्टीलचा पेला आणि चमचा पुरे.

तुझा,
सर