आवाज नाही म्हणजे मशीन बंद आहे, असं नाही

पाऊस सुरू झाला की गवत वाढतं आणि गवताबरोबर आमच्याकडे येणारे प्रश्नही. यंदा बॅटरीवरच्या लॉन मूवरबद्दलच जास्त आलेत, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच.

प्रश्न : बंगल्यापुढे छोटं मेक्सिकन लॉन आहे, मागच्या वर्षी बॅटरीचं मशीन घेतलं. परवा पात्यात गवत अडकलं म्हणून हात घालून काढत होते तर मिस्टर केवढ्यांदा ओरडले! मी हँडलचा दांडा सोडलेला होता, पातं फिरत नव्हतं. मग एवढं काय झालं? (वाचक, नाशिक)

ताई, मिस्टर ओरडले ते बरोबरच केलं. पेट्रोलचं मशीन चालू असलं की अख्ख्या गल्लीला कळतं, वायरवालं असेल तर प्लग भिंतीत आहे की नाही ते नुसतं बघून कळतं. बॅटरीवाल्याचं तसं नाही, दांडा सोडला की एकदम गप्प, पण बॅटरी आत आणि लाल चावी (सेफ्टीची, ती असली तरच मशीन चालतं) लावलेली असेल तर बटण आणि दांडा एकत्र दाबायचा अवकाश, मशीन सुरू. मी एकदा ओसरीत मशीन आडवं पाडून खालचा लगदा खरवडत होतो, तेवढ्यात मागून भाच्याचा आवाज, "मामा, हे चालूच होत नाहीये!" सहा वर्षांचं पोर, दोन्ही हातांनी दांडा ओढून बटण दाबत होतं. बॅटरी मी काढून पायरीवर ठेवली होती म्हणून आज दहा बोटांनी टाइप करतोय.

म्हणजे काय करायचं, तर दांडा सोडा, पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबा (लगेच थांबत नाही ते, काही सेकंद फिरतं), चावी काढा, बॅटरी काढून लांब ठेवा आणि मगच जाड हातमोजे घालून काडीने गवत काढा. मोजे हवेतच, कारण थांबलेलं पातंही कापतं. चावी खिशात ठेवायची, मशीनवर नाही.

प्रश्न : ओल्या गवतावर चालवलं तर शॉक बसेल का? आणि नंतर पाइपने धुतलं तर चालेल का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, घरातल्या २३० व्होल्टसारखा झटका ३६ व्होल्टच्या बॅटरीतून बसत नाही, ती भीती सोडा. (चार्जर मात्र २३० व्होल्टवरच चालतो, तो ओल्या ओसरीत नको.) पण ओलं गवत कापू नका ते वेगळ्या कारणांसाठी. एक तर ते झाकणाखाली शेणासारखं थापलं जातं, पातं जड होतं, बॅटरी भराभर उतरते, आणि दुसरं म्हणजे पाय घसरतो, आणि घसरणारा पाय मशीनच्या दिशेनेच जातो. उघडीप मिळाली की दुपारपर्यंत थांबा, गवतावर हात फिरवून बघा, तळवा ओला झाला तर अजून थांबा. पायात बूट पाहिजेत, चप्पल अजिबात नको. उतार असेल तर वर-खाली नाही, आडवं चालायचं, आणि मशीन आपल्याकडे ओढायचं नाही.

सुरू करण्याआधी लॉनवर एक चक्कर मारा. खडी, पोरांचा बॉल, झावळीचे हीर, सुतळी. खडा पात्याखालून गोळीसारखा सुटतो म्हणून पोरंटोरं आणि कुत्री आत. सुतळी पातं फिरवणाऱ्या दांड्याला अशी गुंडाळते की सोडवताना अर्धा तास जातो. पावसाळ्यात बेडूक असतात आणि बेडकामागे साप, तेव्हा काठी आपटत फिरलेलं बरं.

पाइप मारायचा नाही. बॅटरी काढा, मशीन आडवं करा (पेट्रोलचं कसंही पाडलं तर तेल भलतीकडे जातं, इथे ती कटकट नाही), लाकडी पट्टीने खरवडा, ओल्या फडक्याने पुसा. त्याच दिवशी केलं तर पाच मिनिटं, वाळल्यावर प्लास्टर.

प्रश्न : आधी एका चार्जिंगमध्ये अर्धा तास चालायचं, आता पंधरा मिनिटांत मान टाकतं. ऑनलाइन निम्म्या किमतीत डुप्लिकेट बॅटरी मिळतेय, घेऊ का? (वाचक, पुणे)

थांबा हो, आधी पातं बघा! साधं गणित आहे, ३६ व्होल्ट ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ गुणिले ४, १४४ वॉट-अवर (१४४ वॉट एक तास पुरतील एवढी वीज), मोटर सरासरी ३०० वॉट ओढत असेल तर साधारण अर्धा तास चालेल आणि ६०० ओढायला लागली तर पंधरा मिनिटंसुद्धा नाही. (खोक्यावर ४० व्होल्ट आणि पुस्तिकेत ३६ लिहिलंय म्हणून दुकानदाराशी भांडू नका, फुल चार्जचा आकडा आणि सरासरी आकडा एवढाच फरक.) बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, म्हणून मोटर जास्त वीज ओढते. कापलेल्या गवताच्या पात्यांची टोकं बघा, झिरमिळ्या दिसल्या आणि दुसऱ्या दिवशी लॉन वरून पिवळट दिसलं तर धार गेलीय. पातं काढून कानस मारा, मूळच्या तिरक्या कोनातच, दोन्ही बाजूंना सारखी, मग मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून बघा, जी बाजू खाली जाते ती जड, तिला अजून थोडी कानस. तडा गेला असेल किंवा वाकलं असेल तर मात्र ठोकून सरळ करू नका, नवीन घ्या. आणि तीन आठवड्यांचं गवत एका फेरीत जमिनीला टेकवू नका, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशच कापायचं.

एवढं करूनही तेच असेल तर बॅटरी थकलीय. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत होता का? लिथियमला उष्णता मारते. वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, गार होऊ द्या. डुप्लिकेट मी तरी घेणार नाही, आतलं तापमान-व्होल्टेज सांभाळणारं सर्किट कसलं असेल ते बाहेरून कळत नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग बंद, आणि भंगारवाल्याला तर नकोच, तो हातोडी घालतो आणि आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : इथे हिवाळ्यात काही महिने लॉन कापायचं कामच नसतं. मशीन गॅरेजमध्ये तसंच ठेवलं तर? (वाचक, न्यू जर्सी)

मशीन राहू दे, बॅटरी घरात आणा. शून्याखाली गारठलेली बॅटरी चार्ज केली की आतून कायमची खराब होते. फुल भरूनही ठेवू नका, रिकामीही नको, साधारण निम्मी, मध्ये एकदा बॅटरीवरचे चार्ज दाखवणारे दिवे बघा. फक्त किचनच्या ड्रॉवरमध्ये खिळे आणि जुन्या चाव्यांबरोबर टाकू नका, टर्मिनल शॉर्ट होतात. सोबत प्लास्टिकची टोपी आली असेल तर ती लावा, हरवली असेल तर वेगळा प्लास्टिकचा डबा.