फी नाही, पण गमबूट लागतात

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. मुलगी-जावई अमेरिकेत, उत्तर कॅरोलिनात रॅलीजवळ राहतात. नातीला पाच पूर्ण झाली तशी त्यांनी तिला एका शाळेत घातलं. निसर्गाधारित पब्लिक चार्टर स्कूल म्हणतात म्हणे. व्हिडिओ कॉलवर पाहावं तर पोरगी टोंगळ्यापर्यंत चिखलात. पावसातही बाहेरच. फी एक डॉलर नाही, आणि नंबर चिठ्ठीनं लागला. फुकट आहे म्हणजे शाळा कशी असेल? घराजवळच्या शाळेची बस दारात येत होती, ती सोडून जावई नोकरी सांभाळत रोज सोडायला-आणायला जातात. आणि ही पोरगी अभ्यास केव्हा करेल? – एक आजोबा, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमची खरी काळजी शेवटच्या प्रश्नात आहे, ते कळलं मला. पण आधी पैशाचं सांगते, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

आपली अनुदानित शाळा डोळ्यांपुढे आणा. संस्था खाजगी, पगार सरकारचा. चार्टर शाळा त्याच वळणाची आहे. चालवणारं मंडळ बहुधा ना-नफा तत्त्वावरचं, पैसा सरकारी, आणि तो पटावर मिळतो. जितकी मुलं तितका निधी. पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्या संचमान्यतेच्या धास्तीत माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे पट घसरला की तिथल्या मुख्याध्यापकांचं काय होत असेल ते मला कुणी समजावून सांगायला नको. वेगळेपण आहे ते करारात. आपल्याकडे एकदा मान्यता आणि अनुदान पदरात पडलं की शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिथे शाळा काय शिकवणार, कशी शिकवणार आणि मुलांना कुठवर नेणार हे आधी लिहून द्यावं लागतं. त्याला मुदत असते आणि मुदत सरली की हिशेब होतो. निकाल खाली गेले, पट टिकला नाही किंवा पैशांचा घोळ निघाला तर करार पुढे वाढत नाही, शाळेला कुलूप लागतं. नुसती धमकी नाही ही, शाळा खरोखर बंद होतात. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्यानं १९९१ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी तिथे पहिली शाळा उघडली. तुमच्या नातीच्या राज्यातला कायदा १९९६ चा.

या कराराच्या बदल्यात सरकार वेळापत्रक, पुस्तकं आणि शिकवण्याची रीत यांत बरीच मोकळीक देतं. काही बाबतीत मात्र अजिबात देत नाही. फी घ्यायची नाही, धर्मशिक्षण द्यायचं नाही, आणि मुलं पारखून घ्यायची नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढायची. आधीपासून शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना बहुतेक ठिकाणी आधी जागा मिळते, उरलेले प्रतीक्षा यादीत. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी १९७५ पासून जो केंद्रीय कायदा आहे, तोही या शाळांना लागू आहे, ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ म्हणून पालकांना परत पाठवता येत नाही. तेव्हा फुकट आहे यावरून शाळा कशी आहे ते ठरत नाही. चांगल्या आहेत, सुमार आहेत, आपल्यासारखंच.

आता चिखलाचं. निसर्गाधारित म्हणजे महिन्यातून एक सहल नव्हे. दिवसाचा मोठा भाग बाहेर जातो आणि विषय तिथेच शिकवले जातात. काटक्या गोळा करून लहान-मोठ्या लावायच्या, दहा-दहाच्या मोळ्या बांधायच्या, त्यातून एकक-दशक. ओढ्याचं पाणी दर आठवड्याला मोजून वहीत लिहायचं, त्यातून आलेख. रोज एकाच झाडापाशी बसून जे दिसेल ते चितारायचं आणि लिहायचं, त्यातून भाषा. हे नेटानं केलं तर अभ्यास फार पक्का होतो. नाही केलं तर नुसताच चिखल उरतो. मुलीला एक काम सांगा. नातीची निरीक्षणाची वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावा. सप्टेंबरचं पान आणि फेब्रुवारीचं पान शेजारी-शेजारी पाहिलं की शाळा काय करते आहे ते तुम्हाला इथे बसून कळेल. वहीच नसेल, तर मात्र तुमची शंका रास्त आहे.

परीक्षेतूनही सुटका नाही. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्याची चाचणी चार्टर शाळेतल्या मुलांनाही द्यावीच लागते, आणि उत्तर कॅरोलिनात प्रत्येक सरकारी शाळेला ए ते एफ अशी श्रेणी लागते, चार्टर शाळासुद्धा त्यात आल्या. ती जाहीर असते, जावयाला बघायला सांगा. पाढ्यांसाठी थोडं थांबा. पाच वर्षांच्या मुलाला पाढे पाठ असावेत हा आपला हट्ट आहे, तिकडच्या अभ्यासक्रमात ते तिसरीच्या आसपास येतं. फारच जीव तुटत असेल तर बे एके बे तुम्हीच म्हणवून घ्या, आजोबा कशाला असतात!

बाहेर राहण्याचा एक फायदा तर मोजून झालेला आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली, बाकीच्या शाळांचं वेळापत्रक होतं तसंच ठेवलं. तीन वर्षांनी लांबचं धूसर दिसू लागलेली मुलं बाहेर जाणाऱ्यांत सुमारे ३० टक्के निघाली, बाकीच्यांत जवळजवळ ४० टक्के. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या वर्गांत आता तिसरीपासून चष्मे दिसतात, म्हणून मला हा आकडा पाठ आहे.

आणि जावयाची धावपळ. तिथे तुमचं म्हणणं मला पटतं. फी नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही. घराजवळच्या जिल्हा शाळेची पिवळी बस येते, चार्टर शाळेची येईलच असं नाही, राज्यागणिक आणि शाळेगणिक नियम वेगळे. शाळेत गरम जेवण मिळेलच असंही नाही, अनेक ठिकाणी डब्बा घरूनच. वर कपडे. सुती कपडा भिजला की थंडीत अंगाला गारठा देतो, म्हणून आतून लोकरीचे, वरून पाणी न शिरणारे, पायात गमबूट, आणि पोरं वाढतात म्हणून हे सगळं दरवर्षी नवं. बऱ्याच शाळा लहान झालेले कपडे गोळा करून दुसऱ्यांना वापरायला देतात, मुलीनं लाजू नये, घ्यावेत. रोज संध्याकाळी पोरीच्या कानामागे, काखेत, टोंगळ्याच्या मागे गोचीड बघायची. तिकडे गोचिडीतून लाइमसारखे आजार होतात, त्यामुळे यात कंटाळा चालत नाही. विजा कडाडत असल्या की शाळा मुलांना आत घेते, याची लेखी नियमावली असते, ती मागून घ्यावी.

सोडत सगळ्यांसाठी खुली असते हे खरं. पण दोन पाळ्यांत काम करणारी एकटी आई रोज दोनदा गाडी काढू शकत नाही, म्हणून ती अर्जच करत नाही. चार्टर शाळांवरचा मला पटणारा आक्षेप हाच आहे. शाळेनं बस चालवली, जेवण दिलं, तर त्याच झाडांखाली वेगळी मुलं दिसू लागतात. जावयांनी निदान शेजारच्या दोन घरांशी गाडीची पाळी लावून घ्यावी. आणि नाहीच जमलं तर घराजवळची सरकारी शाळा त्या पोरीला वर्षात केव्हाही घेईल, तिला नाही म्हणता येत नाही. दोर कापलेले नाहीत.

प्रश्न : आमच्या भागात एका खाजगी बालवाडीनं ‘नेचर स्कूल’ असा फलक लावला आहे. मातीत खेळणं, गाय, कुंडीतला भाजीपाला, आणि फी ऐकून माझे डोळे पांढरे झाले. अमेरिकेसारखी सरकारी पैशावर चालणारी अशी शाळा नागपुरात का नाही? आमच्यासारख्यांनी काय करावं? – एक आई, मनीषनगर

उत्तर : आपल्याकडे चार्टरचा कायदा नाही, आणि तो यावा म्हणून तुम्ही थांबलात तर तुमचं लेकरू कॉलेजात जाईल. आधी त्या बालवाडीला विचारा, पहिलीपासून मान्यता आहे का, यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, आहे का. नुसतीच बालवाडी असेल तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा शाळा शोधत फिराल. पहिलीपासूनची मान्यताप्राप्त खाजगी शाळा असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखायच्या आहेत. आपल्याकडेही त्याची सोडतच निघते. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे. त्यात बसत असाल तर फी न भरता अर्ज करा, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.

बसत नसाल तर माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही. मुलाला घराजवळच्या बऱ्या अनुदानित किंवा मनपाच्या शाळेत घाला आणि शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. कायद्यानं या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा करण्यात समितीचा हात असतो. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतं, मनपाच्या शाळेत त्याहून जास्त. बहुतेक समित्या सह्यांपुरत्या भरतात, कारण आपण जात नाही.

आराखड्यात काय मागायचं? जंगल मागू नका. पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार हा कृतीतून शिकण्याचा सरकारी उपक्रम आहेच, तो वर्गाबाहेर न्या. वर्षभराचं वेळापत्रक मात्र नागपूरचं हवं. तिकडे बर्फात गमबूट लागतात, आपल्याला एप्रिलमध्ये दुपट्टा आणि खिशात कांदा. पारा ४५ च्या वर जातो, म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. आपला बाहेरचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संत्र्याचा आंबिया बहर तेव्हा तोडणीला असतो आणि त्याच झाडाला जानेवारीत पुढची फुलं येतात, हे मुलांनी एकाच बागेत दोनदा जाऊन पाहावं. फेब्रुवारीत सेमिनरी हिल्सकडे पळस. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा खडक लाव्ह्याचा, आणि दख्खनचा लाव्हा साधारण आपल्या शहराशीच संपतो, पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. एवढा भूगोल रिक्षाच्या भाड्यात कुठे मिळतो? सहावी-सातवीला अंबाझरी तलावापासून नाग नदीच्या काठानं पाणी कुठे जातं त्याचा नकाशा काढायला लावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्या घरांतली मुलं तुमच्या वर्गात असतील. तो नकाशा ती विसरणार नाहीत.

एखाद्या शनिवारी सेवाग्रामला जाऊन या, आपल्यापासून तास-दीड तास. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकण्याची गांधीजींची पद्धत, निघाली आणि सेवाग्रामला रुजली, आणि २००५ पासून आश्रमाच्या आवारात आनंद निकेतन ही मराठी शाळा चालू आहे. शेतात, स्वयंपाकघरात, सूत काततानाच गणित-विज्ञान शिकवतात. आधी विचारून जा आणि शिक्षकांना शिकवताना पाहा. फोटो काढायला जाऊ नका.

प्रश्न : बाई, मी हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. एक खोली गळते म्हणून आमचे दोन वर्ग लिंबाखालीच बसतात. मग आमची शाळा निसर्गाधारित झाली नाही का? – एक गुरुजी

उत्तर : झाली असती, गुरुजी, तुम्हाला पाऊस आल्यावर आत जाता आलं असतं तर. त्या अमेरिकन शाळांनाही पक्की इमारत असते, स्वच्छतागृह असतं, आणि बाहेर जायचं की आत बसायचं हे शिक्षक ठरवतात. तुमच्याकडे ते छत ठरवतं.

पण लिंब आहे तर त्याचा उपयोग करा. त्याच्या सावलीचं टोक दर तासाला खडूनं आखा, दर महिन्याला एकाच तारखेला. आपल्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यात भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये सुट्टी आणि जुलैत ढग, त्यामुळे पाहायला मिळेलच असं नाही, तरी मुलांनी आधीच्या खुणांवरून तो दिवस काढून दाखवला तर मला कळवा.

आणि खोलीच्या दुरुस्तीचा ठराव समितीच्या या महिन्याच्या बैठकीत पुन्हा घ्या. इतिवृत्तात किती वर्गांना छत नाही ते आकड्यात लिहा आणि पंचायत समितीकडून पोच घ्या. त्यात लिंबाचा उल्लेख करू नका. नाहीतर कुणीतरी तुमच्या शाळेला पुरस्कार देईल आणि खोली तशीच राहील.