भाषाविज्ञानात पीएच.डी.: अर्जात भर कशावर द्यावा?

प्रश्न: मराठी विषय घेऊन एम.ए. केलं आहे. भाषाविज्ञानाचा एकच पेपर होता. अमेरिकेत भाषाविज्ञानात पीएच.डी. करता येईल का? तयारी कुठून सुरू करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: करता येईल. मराठीची पदवी आड येत नाही. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, ती मराठीच्याच ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर (शब्दांच्या घडणीवर). मात्र एका पेपरच्या बळावर अर्ज तग धरणार नाही. ध्वनिविज्ञान आणि वाक्यविन्यास (वाक्यरचनेचं शास्त्र) यांचा पायाभूत अभ्यास आधी करा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा हैदराबाद विद्यापीठात भाषाविज्ञानाचं एम.ए. करता आलं तर फारच उत्तम.

अर्जात सर्वांत जास्त वेळ उद्देशपत्राला (स्टेटमेंट ऑफ पर्पज) द्या. ‘लहानपणापासून भाषांची आवड’ आणि ‘मला पाच भाषा येतात’ ही वाक्यं निवड समितीने शेकडो वेळा वाचलेली असतात. त्याऐवजी एखादं कोडं मांडा. ‘त्याने पोळी खाल्ली’ यात क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं. ‘तू पोळी खाल्लीस’ यातही ‘ली’ पोळीचीच, पण शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’चा. एकाच क्रियापदावर कर्म आणि कर्ता दोघांच्या खुणा! शिवाय ‘त्या’ला ‘ने’ लागतो, ‘तू’ला लागत नाही. हे असं का, यावर आधी कोणी काय मांडलंय, ते कुठे अपुरं पडतं आणि तुम्ही ते कसं तपासाल, एवढं दोन पानांत नीट यावं. मग त्या विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांची नावं द्या, पण ज्यांचे लेख खरोखर वाचलेत त्यांचीच. एकाच नावावर विसंबू नका. ते रजेवर असतील किंवा नवे विद्यार्थी घेत नसतील, तर अर्ज तिथेच अडतो.

लेखनाचा नमुना बहुधा १५ ते २० पानांचा मागतात. एम.ए.चा साहित्यसमीक्षेचा प्रबंध इंग्रजीत करून पाठवू नका, नवा लेख लिहा. प्रत्येक उदाहरणाच्या तीन ओळी हव्यात: आयपीए या आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीतलं वाक्य, लायप्झिग नियमांनुसार (भाषाविज्ञानातल्या प्रचलित संकेतांनुसार) शब्दांच्या घटकांची फोड आणि इंग्रजी अर्थ. देवनागरी इथे पुरत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे, पण लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात.

शिफारसपत्रं तीन लागतात. ‘विद्यार्थी हुशार व मनमिळाऊ आहे’ अशा पत्राचा उपयोग नाही. तुमचा लेख वाचलेल्या प्राध्यापकांना सप्टेंबरमध्येच विचारा, सोबत तो लेख आणि उद्देशपत्राचा मसुदा द्या. पत्र संस्थेच्या ईमेलवरून गेलेलं बरं.

बहुतेक मुदती डिसेंबरात संपतात. तुमच्या विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) मिळायला कित्येक आठवडे जातात, म्हणून त्यासाठीचा अर्ज ऑगस्टमध्येच टाका. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता पुष्कळ विभाग मागत नाहीत, टोफेल किंवा आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा मात्र सहसा लागते आणि तिचे गुण दोनच वर्षं चालतात. अर्जाचं शुल्क भरण्यापूर्वी शुल्कमाफीची विचारणा जरूर करा.

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, तर शिक्षणशुल्क आणि निर्वाहवेतन बहुधा विद्यापीठच देतं. अमेरिकेतल्या नुसत्या एम.ए.चा खर्च मात्र सहसा स्वतःलाच करावा लागतो. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला होकार कळवायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, त्याआधी कोणी घाई केली तरी उरलेले निकाल हाती येऊ द्या.